पोस्टग्रेस शिकायला कोणतं पुस्तक घ्यावं?

आमचं सॉफ्टवेअर पतसंस्थांसाठी आहे. बचत, पिग्मी, मुदत ठेवी, कर्ज, दिवसअखेर, रोजकीर्द, तेरीज (जमा-नावे जुळवून पाहणारा गोषवारा) असं सगळं त्यात येतं. ते जुन्या डेटाबेसवरून पोस्टग्रेस या डेटाबेसवर न्यायचं ठरलं आणि टीमसाठी पुस्तकं निवडायचं काम माझ्याकडे आलं. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहिणं बहुतेकांना येत होतं. जॉइन, ग्रुप बाय, सबक्वेरी यांवर रोजचं काम निभत होतं. अडत होतं त्याच्या पुढे. एकाच खात्यावर दोन काउंटरवरून एकाच वेळी पैसे काढले तर नेमकं काय होतं? तोच रिपोर्ट एका शाखेत झटकन आणि दुसऱ्या शाखेत रखडत का निघतो? सहामाही व्याज जमा केलं की टेबल एवढं का फुगतं? असे प्रश्न मी एका कागदावर लिहून काढले आणि जे पुस्तक हातात येईल ते त्या कागदाशी ताडून पाहायचं ठरवलं.

सुरुवात पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून केली. तिथे डेटाबेसचं पुस्तक मागितलं की दुकानदार आधी विचारतो, "कुठलं वर्ष, कुठली युनिव्हर्सिटी?" कारण येणारं गिऱ्हाईक बहुतेक परीक्षेचं असतं. परीक्षेची गाइडं मी बाजूला ठेवली. व्याख्या त्यांत बरोबर असतात, पण विषय चार मार्कांपुरता संपतो आणि आमची गरज तिथून पुढे सुरू होत होती.

त्याच दुकानांत भारतीय आवृत्तीत मिळणारी दोन जाड पाठ्यपुस्तकं मात्र बसून पाहण्यासारखी आहेत. एक सिल्बरशॅट्झ, कॉर्थ आणि सुदर्शन यांचं 'डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स', दुसरं एल्मास्री आणि नवाथे यांचं 'फंडामेंटल्स ऑफ डेटाबेस सिस्टिम्स'. यातले सुदर्शन म्हणजे पवईच्या आयआयटी मुंबईतले प्राध्यापक एस. सुदर्शन, आणि नवाथे म्हणजे अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये प्राध्यापकी केलेले शामकांत नवाथे. जगभरच्या कॉलेजांत लागणाऱ्या पुस्तकांवर ही नावं पाहून मला मनापासून आनंद झाला.

निवड करताना मी त्यांतली उदाहरणं पाहिली. नवाथेंच्या पुस्तकात एक कंपनी आहे: कर्मचारी, विभाग, प्रकल्प, कोण कुठल्या प्रकल्पावर किती तास काम करतो. आकृतीवरून टेबलं कशी काढायची हे त्यात पायरीपायरीने येतं, आणि नवीन मॉड्यूलची मांडणी करताना आम्ही आजही तेच प्रकरण उघडतो. सिल्बरशॅट्झच्या अलीकडच्या आवृत्त्यांत विद्यापीठ आहे: विद्यार्थी, शिक्षक, विषय, वर्ग. पण २००५ च्या पाचव्या आवृत्तीपर्यंत त्यात बँक होती! शाखा, ग्राहक, खातं, ठेवीदार, कर्ज, कर्जदार. आमच्या लोकांसाठी याहून चांगलं उदाहरण कुठलं मिळणार? ती जुनी आवृत्ती मी मुद्दाम जुन्या पुस्तकांच्या दुकानातून शोधून आणली. शाखेचा पत्ता प्रत्येक खात्याच्या ओळीत लिहिला तर शाखा दुसऱ्या जागेत गेल्यावर काय पंचाईत होते, हे पतसंस्थेत काम केलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. त्यावरून नॉर्मलायझेशनकडे, म्हणजे एक माहिती एकाच जागी ठेवण्याच्या रचनेकडे, जाणं सोपं जातं.

जुनी आवृत्ती घ्यायला मी कचरले नाही, कारण त्या भागातलं काही शिळं होत नाही. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली टेबलांच्या डेटाबेसची कल्पना मांडणारा जो निबंध लिहिला, तो अवघा ११ पानांचा आहे आणि आजही वाचता येतो. त्यातला मूळ आग्रह असा, की माहिती यंत्रात कशी रचून ठेवली आहे हे वापरणाऱ्याला माहीत असण्याची गरज पडू नये. काय हवं ते आपण सांगायचं, ते कसं शोधायचं हे डेटाबेसने ठरवायचं. ही विभागणी मनात पक्की झाल्याशिवाय पुढे एक्सप्लेनचा, म्हणजे डेटाबेसने ठरवलेला मार्ग दाखवणाऱ्या कमांडचा, निकाल वाचणं म्हणजे नुसती आकडेमोड वाटते. म्हणून टीममधल्या प्रत्येकाने पाठ्यपुस्तकातला हा भाग वाचावा असा माझा हट्ट होता आणि अजून आहे. ट्रान्झॅक्शनच्या (सगळे बदल एकत्र पक्के किंवा एकत्र रद्द होतात अशा कामाच्या) प्रकरणांसाठी मात्र २०१९ ची सातवी आवृत्ती घेतली, कारण पोस्टग्रेस ज्या पद्धतीने चालतो त्या स्नॅपशॉट आयसोलेशनची, म्हणजे डेटाचं एका क्षणाचं चित्र पाहून काम करण्याची, चर्चा त्यात नीट आहे. या आवृत्तीतलं खास पोस्टग्रेसवरचं प्रकरण छापील पुस्तकात नाही, ते वेगळं ऑनलाइन ठेवलेलं आहे. घेणाऱ्याने हे आधी माहीत करून घ्यावं.

आता दुसरा ढीग, म्हणजे पोस्टग्रेसवरचीच पुस्तकं. इथे तारीख पाहिल्याशिवाय हात लावू नये. पोस्टग्रेसचं मोठं व्हर्जन साधारण दरवर्षी येतं आणि प्रत्येकाला ५ वर्षं दुरुस्त्या मिळतात. २०१७ पर्यंत ९.५, ९.६ असे आकडे चालायचे. त्या वर्षी १० आलं आणि तेव्हापासून पहिला आकडा बदलला की मोठं व्हर्जन बदललं, असा सरळ हिशोब झाला. पण मुखपृष्ठावर कोणता आकडा आहे एवढ्यावर मी थांबले नाही. सुधारित आवृत्ती म्हणून छापलेल्या पुस्तकातही आतला मजकूर जुनाच राहिलेला असू शकतो. म्हणून मी ठरावीक पानं उघडायला लागले.

पहिलं पान पार्टिशनिंगचं. आमच्याकडे व्यवहारांचं टेबल आर्थिक वर्षाप्रमाणे तोडावं लागतं, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा. १० च्या आधी हे काम इनहेरिटन्स (एका टेबलावरून दुसरं टेबल काढणं) आणि ट्रिगर (नोंद होताच आपोआप चालणारा कोड) यांची जुळवाजुळव करून करावं लागे. १० पासून टेबल तयार करतानाच ते कशावर तोडायचं हे सांगता येतं. पुस्तकात ट्रिगरची पद्धत हाच एकमेव मार्ग म्हणून दिला असेल, तर ते २०१७ च्या आधीचं. दुसरं पान विथ क्लॉजचं, म्हणजे क्वेरीच्या सुरुवातीला नाव देऊन लिहिलेल्या पोटक्वेरीचं. बाराव्या व्हर्जनच्या आधी विथमध्ये लिहिलेली क्वेरी आधी वेगळी चालायची आणि बाहेरची अट आत पोचायची नाही. त्यामुळे जुनी पुस्तकं विथ जपून वापरा असं बजावतात, आणि काही तर त्याचा मुद्दाम अडसर म्हणून उपयोग करायला शिकवतात. २०१९ मध्ये १२ आलं तेव्हा हे बदललं. आता विथमधली साधी क्वेरी एकदाच वापरली असेल तर प्लॅनर (क्वेरीचा मार्ग ठरवणारा भाग) ती मुख्य क्वेरीत मिसळून टाकतो. जुना सल्ला त्याच्या काळात अगदी बरोबर होता, पण आज तो तसाच पाळला तर क्वेरी उगाच वाकडी लिहिली जाते. तिसरं पान पब्लिक स्कीमाचं, म्हणजे टेबलं ठेवायच्या सामाईक कप्प्याचं. २०२२ च्या १५ पासून त्यात वाटेल त्या युजरला टेबल तयार करता येत नाही. पुस्तकातला पहिलाच सराव नव्या युजरने करून पाहिला आणि परवानगी नाकारली गेली, तर शिकणाऱ्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. नवख्या माणसाचा उत्साह अशा ठिकाणी संपतो, म्हणून हे पान मी आवर्जून पाहते.

व्हर्जनच्या चाळणीतून उतरलेल्या पुस्तकांना मग कागदावरचे प्रश्न लावले. पहिला प्रश्न दोन काउंटरचा. खात्यात ५,००० रुपये आहेत. दोन कॅशिअर एकाच क्षणी शिल्लक वाचतात, दोघांनाही ५,००० दिसतात, दोघेही ३,००० देतात आणि दोघेही शिल्लक २,००० लिहितात. संस्थेचे ३,००० गेले आणि कुठल्याही टेबलात त्याचा पत्ता नाही. पुस्तक याबद्दल काय सांगतं? बरीचशी पुस्तकं ॲसिडच्या, म्हणजे ट्रान्झॅक्शनच्या चार हमींच्या, चार अक्षरांचा अर्थ सांगून, बिगिन आणि कमिटचं (ट्रान्झॅक्शन सुरू करणं आणि पक्कं करणं) एक उदाहरण देऊन पुढच्या प्रकरणाला लागतात. ती मी तिथेच मिटली. दोन खिडक्या उघडून, एकीत ट्रान्झॅक्शन अर्धं ठेवून दुसरीत काय दिसतं ते करून दाखवणारं पुस्तक हवं होतं.

या प्रश्नाचं सगळ्यांत चोख उत्तर विकत घ्यायच्या कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. ते सापडलं पोस्टग्रेसच्या स्वतःच्या मॅन्युअलमध्ये, १३ व्या प्रकरणात. मूळ सेटिंग रीड कमिटेड असतं, म्हणजे दुसऱ्यांचे फक्त कमिट झालेले बदल दिसतात. शिल्लक आधी वाचून मग लिहिण्याऐवजी 'शिल्लक ३,००० किंवा जास्त असेल तर तीमधून ३,००० वजा कर' असं एकाच अपडेटमध्ये लिहिलं, तर दुसरं अपडेट पहिल्याच्या कमिटसाठी थांबतं, मग बदललेल्या ओळीवर अट पुन्हा तपासतं, आणि शिल्लक २,००० झालेली पाहून एकही ओळ बदलत नाही. आधी वाचणं भागच असेल तर सिलेक्ट फॉर अपडेटने ओळ धरून ठेवायची. त्याच प्रकरणात आमचं आणखी एक कोडं सुटलं. चालू दिवसात काढलेली तेरीज कधी कधी जुळायची नाही, आणि पुन्हा काढली की जुळायची. रीड कमिटेडमध्ये प्रत्येक क्वेरी त्या त्या क्षणीचं चित्र पाहते. रिपोर्टमधली नावेची क्वेरी आणि जमेची क्वेरी यांच्या मध्ये एखादा व्यवहार पडला की दोन्ही बाजू वेगवेगळ्या क्षणांच्या होतात. रिपोर्ट रिपीटेबल रीडमध्ये चालवला की सगळ्या क्वेऱ्या एकाच क्षणाचं चित्र पाहतात. त्या दिवशी मॅन्युअल आमच्या यादीत पहिल्या नंबरावर गेलं.

मॅन्युअलची पीडीएफ ३,००० पानांच्या आसपास आहे. आकडा ऐकून लोक घाबरतात. पण ते सलग वाचायचं पुस्तक नाही. सुरुवातीचं ट्युटोरियल छोटं आहे, हवामान आणि शहरं अशा दोन टेबलांवर चालणारं. ते एका बैठकीत होतं. त्यानंतर ५ वं प्रकरण टेबलांच्या रचनेचं, ७ वं क्वेरीचं, ११ वं इंडेक्सचं (ओळी झटकन शोधायच्या सूचीचं), १३ वं वर सांगितलेलं आणि १४ वं परफॉर्मन्सचं, ज्यात एक्सप्लेन कसं वाचायचं ते येतं. एवढं नीट वाचलेला माणूस आमच्या कामाला पुरेसा तयार असतो. प्रत्येक व्हर्जनचं मॅन्युअल वेगळं मिळतं, त्यामुळे शिळेपणाचा प्रश्नच नाही. उणीव एकच. काय काय करता येतं हे मॅन्युअल अचूक सांगतं, पण चार मार्गांपैकी कोणता कधी घ्यावा याबद्दल ते फारसं बोलत नाही. तो विवेक शिकवायला दुसरी पुस्तकं लागतात.

त्यांतलं माझं सगळ्यांत लाडकं मार्कुस विनांड यांचं 'एसक्यूएल परफॉर्मन्स एक्सप्लेन्ड'. २०१२ चं आहे, साधारण २०० पानांचं, आणि पूर्ण पुस्तक जवळजवळ एकाच गोष्टीवर आहे: इंडेक्स. बी-ट्रीची, म्हणजे इंडेक्सच्या झाडाची, रचना ते अशी समजावतात की पुढचे सगळे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप निघतात. आमचा रखडणारा रिपोर्ट याच पुस्तकाने सोडवला. एका शाखेचे, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतचे व्यवहार हवे होते आणि इंडेक्स होता आधी तारीख, मग शाखा असा. तारखेचा पल्ला मोठा असला की त्या काळातल्या सगळ्या शाखांच्या नोंदी इंडेक्समध्ये चाळाव्या लागतात. छोट्या शाखेचे मोजके व्यवहार शोधायलाही तेवढीच चाळणी. जो कॉलम बरोबरच्या चिन्हाने तपासला जातो तो आधी, पल्ल्याचा कॉलम नंतर, असा क्रम केला आणि रिपोर्ट सुधारला. हा नियम शंभर ठिकाणी एका ओळीत लिहिलेला सापडेल. पण झाडाच्या पानांवरून बोट फिरवत तो स्वतः काढता येणं वेगळं. पुस्तक ओरॅकल, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि पोस्टग्रेस या चारही डेटाबेसांना धरून लिहिलेलं आहे, म्हणून तारखेची माझी चाळणी मी त्याला लावली नाही. त्यातला मजकूर लेखकाने वेबवर मोफतही ठेवला आहे. छापील प्रत घेतली ती टेबलावर उघडी ठेवून चर्चा करता यावी म्हणून.

बिल कार्विन यांचं 'एसक्यूएल अँटिपॅटर्न्स' थोडक्यात सांगते. एकेक प्रकरण म्हणजे लोक नेहमी करतात अशी एकेक चुकीची रचना, ती का मोहात पाडते, कुठे तोंडघशी पाडते आणि त्याऐवजी काय करावं. एका कॉलममध्ये स्वल्पविराम देऊन याद्या भरण्याचं प्रकरण सुरुवातीलाच आहे. पैशाची रक्कम फ्लोटमध्ये (आकडा अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) ठेवण्याचं प्रकरण आमच्या धंद्यात सक्तीचं वाचन असायला हवं. पैशांचा फरक पतसंस्थेत चालत नाही, आकडा अचूक ठेवणारं न्यूमेरिकच हवं.

नलच्या, म्हणजे रिकाम्या किमतीच्या, बाबतीतही मी पुस्तकांना एक प्रश्न लावत असे. ज्या पिग्मी एजंटाच्या नावावर एकही खातं नाही असे एजंट काढायचे आहेत. नॉट इन वापरून क्वेरी लिहिली, आणि खात्यांच्या टेबलात एका जरी ओळीत एजंट कोड रिकामा असेल, तर उत्तर येतं शून्य ओळी. एररही येत नाही. हे का होतं, आणि नॉट एक्झिस्ट्स वापरल्यावर का होत नाही, हे जे पुस्तक खरं-खोटं-अज्ञात अशा तिहेरी तर्कावरून समजावतं ते मला विश्वासाचं वाटतं. सी. जे. डेट यांची भूमिका तर नल नकोच अशी आहे आणि 'एसक्यूएल अँड रिलेशनल थिअरी' मध्ये ते ती हिरिरीने मांडतात. आम्ही नल वापरतो, तरी ते पुस्तक वाचल्यापासून प्रत्येक कॉलमला नॉट नल का नको, हे विचारायची सवय लागली.

फुगणाऱ्या टेबलाचा प्रश्न शेवटपर्यंत शिल्लक होता. त्याचं उत्तर येगोर रोगोव यांच्या 'पोस्टग्रेसक्यूएल १४ इंटर्नल्स' मध्ये मिळालं. मूळ रशियन पुस्तक, इंग्रजी भाषांतर पीडीएफमध्ये मोफत. पोस्टग्रेसमध्ये अपडेट म्हणजे जुन्या ओळीवर खाडाखोड नाही. रोजकीर्दीत चुकलेली नोंद खोडत नाहीत, नवीन लिहितात, तसंच. जुनी ओळ जागेवर राहते आणि नवी ओळ शेजारी लिहिली जाते, कारण आधी सुरू झालेल्या एखाद्या ट्रान्झॅक्शनला अजून जुनीच ओळ दिसायला हवी. कोणालाच लागत नाही अशा ओळींची जागा व्हॅक्यूम मोकळी करतो. मूळ सेटिंगमध्ये साधारण २० टक्के ओळी मेल्या की ऑटोव्हॅक्यूम जागा होतो. आता सहामाही व्याज एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये सगळ्या बचत खात्यांवर टाकलं की प्रत्येक ओळीची दुसरी प्रत तयार होते, आणि कमिट होईपर्यंत जुनी एकही ओळ काढता येत नाही. टेबल दुप्पट होणारच. व्हॅक्यूम नंतर ती जागा पुन्हा वापरण्यासाठी मोकळी करतो, पण फाइल सहसा लहान होत नाही. हे वाचल्यावर आम्ही व्याजाचं काम तुकड्यांत विभागलं, तुकड्यांच्या मध्ये व्हॅक्यूमला वाव ठेवला, आणि बदलणारी शिल्लक खात्याच्या रुंद टेबलातून काढून वेगळ्या अरुंद टेबलात नेली. या पुस्तकाची भाषा स्वच्छ आहे आणि प्रत्येक विधानापाठोपाठ करून पाहायची क्वेरी आहे. तरीही ते पहिल्या वर्षात कोणाला देऊ नये असं माझं ठाम मत आहे. ज्याने फुगलेलं टेबल पाहिलेलं नाही त्याला ही पानं कोरडी वाटतील.

नवख्यांसाठी आम्ही अँथनी डिबॅरोस यांचं 'प्रॅक्टिकल एसक्यूएल' घेतलं. लेखक पत्रकारितेतून आलेले असल्यामुळे आधी प्रश्न, मग क्वेरी, असा त्यांचा क्रम आहे, आणि सगळा सराव पोस्टग्रेसवरच होतो. पहिली आवृत्ती २०१८ ची, दुसरी २०२२ ची; दुसरीच घ्यावी. त्यातली अमेरिकन जनगणनेची आकडेवारी आमच्या मुलांना परकी वाटायची. तिथे आम्ही नावं बदललेली खाती, शाखा आणि व्यवहार यांचा एक छोटा संच तयार करून दिला, आणि पुस्तकातला प्रत्येक सराव त्या संचावर करायचा असं ठरवलं. मराठी माध्यमातून आलेल्या दोघींना इंग्रजी परिच्छेद जड जात होते. मग दुपारी चहानंतर एकीने पान वाचायचं, दुसरीने ते मराठीत सांगायचं आणि तिसरीने क्वेरी चालवायची, असं सुरू झालं. सांगता सांगता कुठे अडतं ते लगेच कळतं, त्यामुळे आता इंग्रजी सफाईने वाचणारेही त्यात बसतात.

सध्या शोध बॅकअपवरच्या पुस्तकाचा चालू आहे. कागदावर नवीन प्रश्न लिहिला आहे: दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी कोणी चुकून व्यवहारांचं टेबल रिकामं केलं, तर बारा वाजून नऊ मिनिटांची स्थिती परत कशी आणायची? बॅकअप घ्यायची कमांड बहुतेक पुस्तकं देतात. रिस्टोअर करून, रकमा ताडून, तेरीज जुळेपर्यंत सोबत राहणारं पुस्तक मी शोधते आहे. तोवर मॅन्युअलमधलं बॅकअप आणि रिस्टोअरचं प्रकरण छापून घेतलं आहे, आणि वेगळ्या सर्व्हरवर त्याचा सराव चालू आहे.